चहाआधीचा तास

माझ्या पत्नीचा थायरॉईड मी घरच्या जेवणानं आणि फिरण्यानं बरा केला, असं आमच्या राजपुरा मोहल्ल्यात कित्येकांना सांगत आलो. ती होती तेव्हाही सांगितलं, ती गेल्यावर तर जास्तच. परवा कळलं, नातीनं स्वतःची थायरॉईडची गोळी बंद केली. विचारलं तर म्हणाली, "आजोबा, तुम्हीच तर बोलता ना, आजी बिना गोळीची ठीक झाली."

म्हणून आता खरं काय ते लिहितो.

उठल्या उठल्या दोघांनी मिळून चहा घ्यायचा, हा आमचा लग्नापासूनचा रिवाज. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गोळी उपाशीपोटी, चहा तासाभरानं. तिनं ते पाळलं की मी रुसायचो. "एकटाच चहा प्यायला मी काय हॉटेलात बसलोय?" शेवटी ती गोळी चहासोबतच घेऊ लागली. चेहऱ्यावरची सूज उतरेना. बुऱ्हाणपूरच्या मे महिन्यातही तिला पायमोजे लागत. मी म्हणायचो, गोळीत दम नाही.

डॉक्टरांनी खोदून विचारलं तेव्हा चहाचं निघालं. दवाखान्याबाहेर येऊन ती एवढंच म्हणाली, "मला वाटायचं तुमची बायको मी आहे. खरी तर चहाच निघाली."

मग तो तास काढायला आम्ही तापीकाठी फिरायला जाऊ लागलो. आधी ती दर थोड्या वेळानं बसायची, पुढे पुढे मलाच म्हणायची, "या की लवकर." येताना बहादरपूरहून येणाऱ्या भाजीच्या गाडीवरून मेथी, पेरू घ्यायचो. घरी ज्वारीची भाकरी, डाळ, भाजी. मी एकदा कुणाचं ऐकून आयोडीनचं मीठ बंद करायला सैंधव आणलं. तिनं ते शेजारणीला उपासासाठी देऊन टाकलं. संसारातला तो काळ मला सगळ्यात जास्त आठवतो.

फिरण्यानं तिला झोप लागू लागली, पोट साफ राहू लागलं, हे खरं. पण सूज उतरली ती चहाआधी तासभर घेतलेली गोळी नीट लागू पडल्यामुळे. लोकांना सांगताना मी गोळी गाळायचो, कारण ती सांगितली असती तर चहाचंही सांगावं लागलं असतं. ती शेजारी उभी राहून ऐकायची. तिनं मला कधी खोटं पाडलं नाही.

हे सगळं नातीला सांगितलं.

"मतलब आजी रोज गोळी घ्यायची?"

"शेवटपर्यंत."

"मग आधी बोलायचं ना, आजोबा."

तिनं तिथेच डॉक्टरांना फोन लावला. गोळी पुन्हा सुरू झाली, रक्ताची तपासणीही ठरली.

"रिपोर्ट आला की मला दाखव," मी म्हणालो.

"डॉक्टरला दाखवीन," ती म्हणाली. "तुम्हाला फक्त सांगीन."