सोमवारी तपासलेली छाती

आधीच सांगून टाकतो — मी शाळामास्तर आहे, आणि भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या पोरांना आजवर मी बाकावर उभं केलेलं आहे. अंगात येणं, करणी, उतारे... कशावरही माझा काडीचा विश्वास नव्हता. तरी हे लिहितो आहे, कारण आता मनात ठेवणं जमत नाही.

आमचं गाव जयगडच्या खाडीकाठी, बंदरापासून होडीने दोनेक तासांवर. तीस सालानंतरची गोष्ट. माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, मुंबईच्या बोटीवर खलाशी होता. अंतर्गळ, म्हणजे हर्निया, वाढला म्हणून तिकडच्याच एका इस्पितळात त्याचं ऑपरेशन झालं. टाके सुकले, पण छातीत धडधड सुरू झाली ती थांबेना. चार पावलं चालला की धाप लागायची, संध्याकाळी पाय सुजायचे. तिथले डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन फर्स्टक्लास झालंय. नुसता अशक्तपणा आहे, गावी जाऊन पेज खा." पेज खाऊन दोन महिने झाले आणि दादा निम्मा झाला.

जयगडला एक म्हातारे डॉक्टर पेन्शन घेऊन राहिले होते, उभा जन्म लष्करात गेलेला. त्यांचं ओपिनियन घ्यायचं मी ठरवलं. आई म्हणाली, "देवाला इचारल्याशिवाय आजारी मानूस होडीत न्हाय बसवायचा."

रविवारी कौल लावला. देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. "सोमवारी न्यावा काय म्हाराजा?" गुरवाने गाऱ्हाणं घातलं. डावी पडली.

मी चिडलो, पण आईपुढे काय चालणार! सोमवार तसाच गेला. दादा दुपारभर ओटीवर मेल्यासारखा झोपला होता आणि आई उशाशी बसून वारा घालत होती. मी शाळेतून आलो तेव्हा तो नुकता उठत होता. म्हणाला, "पाय भरून आलंत रं बाबू. लय चढल्यागत."

"झोपेत कुठला डोंगर चढलास?" मी हसलो.

बुधवारी मी गुरवाला पुन्हा बसवलं, आणि प्रश्नच बदलून घेतला. नेऊ का, असं विचारायचंच नाही — डॉक्टरच्या हाताला यश आहे का, एवढंच विचार. उजवी पडली. थोडक्यात, देवाकडूनही मी मला हवं ते ओपिनियन काढून घेतलं.

त्या संध्याकाळी दादा म्हणाला, "तू एकलाच जा ना रं. औषध घेऊन ये. मी पडून ऱ्हातो."

"आणि डॉक्टरांना दाखवू काय? तुझी छाती पिशवीत घालून नेऊ?" मी खेकसलो.

गुरुवारी सकाळी निघालो. जयगडला धक्क्यापासून डॉक्टरांच्या घरापर्यंत जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची उंच पाखाडी आहे. डोलीत बसायला दादा तयार होईना, लाजला. दर पाच पायऱ्यांनी थांबत, माझा खांदा धरून चढला.

डॉक्टर पडवीतच होते. त्याला बघताच ते ताडकन उठले. "पुन्हा चढलात ही पाखाडी? सोमवारी काय सांगितलं होतं मी?"

मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, तुमचा गैरसमज होतोय. आम्ही पहिल्यांदाच येतोय."

त्यांनी आतून वही आणली. सोमवारची तारीख, दुपारी तीन. दादाचं नाव, गाव, ऑपरेशन, जांघेतला व्रण, नाडीचे ठोके. खाली त्यांच्याच अक्षरात — बिछान्यातून उठू नये. चढण मुळीच नको. पुढच्या खेपेला औषधासाठी भावाला एकट्याला पाठवावं.

दादा बाकावर टेकला होता, ओठ निळे पडले होते. "मना सपान वाटलं रं," तो म्हणाला. "म्हनून नेटानं बोललो न्हाय."

डॉक्टरांनी त्याला तिथेच आडवं केलं, सुई टोचली. उन्हं कलायच्या आत तो गेला. परतीच्या होडीत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं, आणि घरी आईला काय सांगायचं ते मला सुचत नव्हतं.

पुढे मी सगळे तर्क लढवून पाहिले. डॉक्टर वयस्कर, दुसऱ्या कुणाशी गल्लत झाली असेल... पण मग नाव, गाव, व्रण? दादा गुपचूप जाऊन आला म्हणावं, तर आई उशाशी होती, आणि त्याला परसापर्यंत जाववत नव्हतं. ती वही मी नंतर दोनदा जाऊन पाहिली. तारीख तीच, अक्षर तेच. सोमवारी तिथे कोण गेलं होतं, मला खरंच सांगता येत नाही. भुतांवर माझा अजूनही विश्वास नाही.

कौल मी आता लावत नाही, पण कोणी लावला तर हसतही नाही. बाकी कशाचा उलगडा होवो न होवो, बुधवारी संध्याकाळी दादा म्हणाला होता, "तू एकलाच जा." ते मला नीट ऐकू आलं होतं.