कौसाबाईची सावड

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही म्हणाल — ज्या माणसानं जामखेडच्या बाजारात उभं राहून, आपण बिबट्याला साखर कारखान्याचा सभासद करून घेतला अशी थाप पचवली, त्याच्या पोटात न सांगितलेलं काय उरणार? उरलंय. एकच उरलंय.

तुम्ही मला ओळखता ते दगा खाल्लेला माणूस म्हणून. तशी ओळख मीच लावून दिली आहे. पक्षानं मला दगा दिला. रशियानं दिला — अख्खा देश गुंडाळून ठेवला आणि मला साधं पोस्टकार्ड टाकलं नाही, असं मी सांगतो आणि लोक पोट धरून हसतात. शिबिरात एखादा चष्मेवाला पोरगा विचारतो, समाजवाद आपल्याकडं का रुजला नाही? मी मोठा उसासा सोडतो. आपली माती वेगळी, मनं सरंजामी, लोक तयार नव्हते... तासभर सहज निघतो.

लोक तयार नव्हते — खरंच नव्हते का?

रशिया तेव्हा शाबूत होता आणि मी तरणाबांड. माझ्या भाषणानं बाभळीच्या शेंगा गळून पडायच्या. बरं, थोड्या कमी पडायच्या. आमच्याकडं सावड आधीपासून होतीच: आज तुम्ही माझ्या रानात, उद्या मी तुमच्या. मजुरी नाही. ज्याचं रान, त्याच्या घरचं जेवण. मी म्हटलं, रशियाचं सामुदायिक शेत म्हणजे आपली सावडच की, फक्त कानटोपी घातलेली! सहा घरं जमवली. पाच आम्ही बैलवाले. सहावी कौसाबाई — बौद्ध वस्तीतली, नवरा गेलेला, तीन एकर काळं रान आणि बैल एकही नाही. त्या वस्तीतलं घर आमच्या सावडीत त्याआधी कधी नव्हतं. मी घेतलं. तालुक्याच्या सभेत केवढ्या टाळ्या पडल्या म्हणून सांगू!

पावसाळाभर कौसाबाईनं आम्हा पाचही घरांची रानं खुरपली. दुपारी आमच्या घरची भाकरी खाल्ली — जरा लांब बसून. हे मी पाहिलं आणि पाहिलं नाही. बदल्यात ज्वारीच्या पेरणीला आमच्या तिफणी तिच्या रानात चालायच्या होत्या. आमची रानं पेरून झाली. उरलं तिचं. आणि त्या दिवशीचं जेवण — तिच्या घरचं.

आदल्या दिवशी नामदेव आबा, आमच्यातले सगळ्यात वयस्कर, पारावर मला म्हणाले, "कामरेड, तिच्या घरचं जेवायचं म्हंजी... तुमी पयलं बसा. तुमी घास घेतला का आमीबी घेतो. तुमीच न्हाई बसला, तर आमी कशाला बसतोय?"

बघा. कचरत होता, पण माणूस तयार होता.

आणि मी? समतेवर घसा फोडणारा मी? मला आई काही बोलली नव्हती, भावकी काही बोलली नव्हती. घास अडकला होता तो माझ्याच घशात. लोक काय म्हणतील याचं भय नव्हतं मला. तिच्यासमोर मला उमासा आला तर — त्याचं होतं. कसं सांगू? असंच सांगायला हवं.

दिवस उगवायला मी आमच्यातल्या बाकीच्या चार घरांच्या दारांत उभा राहिलो. रशियाचा पाहुणा जामखेडच्या डाकबंगल्यावर उतरलाय, आपली सावड बघायला येणार आहे, तो आल्याशिवाय तिफण जुंपू नका. त्याच्या तांबड्या मिशा, हातातली छत्री, सगळं चालता चालता रचलं. तोच तो पाहुणा — मिरचीचा खर्डा खाऊन विहिरीत उडी टाकणारा — ज्याची गोष्ट तुम्ही मला पुन्हा पुन्हा सांगायला लावता. तो कौसाबाईच्या घरी जेवावं लागू नये म्हणून जन्मला.

तिच्या दारात मी गेलोच नाही.

दिवसभर जामखेडला स्टँडजवळच्या हॉटेलात बसलो. मिसळ खाल्ली. ती कुणी रांधली, ताटली कुणी विसळली — विचारलं का मी? तिकडं ती येसराची आमटी आणि भाकऱ्यांची पाटी घेऊन ऊन कलेपर्यंत बांधावर बसून होती. पाहुण्याला मी आणखी लांबवत राहिलो. आज येतो, उद्या येतो. ऑक्टोबरचं ऊन थांबतंय होय? रानातली ओल उडाली. त्या साली तिच्या काळ्या रानात दाणा पडला नाही.

दिवाळीनंतर ती पोरांना घेऊन ऊसतोडीच्या टोळीत निघाली. त्याआधी बाजारात भेटली. चारचौघांत, आवाज न चढवता तिनं विचारलं, "कामरेड, तुमचा पाव्हना जेवला का?"

तिला सगळं कळलं होतं. आणि मी काय केलं? म्हणालो, "जेवला की अक्का. अकरा भाकरी खाल्ल्या, वर विचारतोय, पाटी खाऊ का?"

बाजार हसला. आबा हसले. ती हसली नाही. पिशवी उचलून निघून गेली. ते वाक्य मी पुढं गोष्टीत घालून टाकलं. आजही सगळ्यात मोठा हशा तिथंच पिकतो.

सावड त्याच वर्षी मोडली. पक्षाच्या बैठकीत मी उभा राहिलो आणि म्हणालो, बाईनं धीर धरला नाही, मुकादमाच्या आगाऊ उचलीला भुलली. लोक अजून तयार नाहीत. सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढच्या शिबिराला त्यांनी मलाच वक्ता केलं.

आबा गेले — पाहुणा खरा होता असं मानतच गेले. कौसाबाई गावात परत आली नाही. तिचं रान माझा चुलतभाऊ कसतो, चांगलं पिकतं.

त्या बांधावर मी एकट्यानं जाऊन बसलो असतो, तरी मागून आबा आले असते. आबांच्या मागून बाकीचे. हे मला आता सुचलेलं नाही. हॉटेलात बसलो होतो, तेव्हाच माहीत होतं.