बिनवासाची लेक

गालिचे धुणारे पुष्कळ असतात. धुतल्यावर गालिच्याला कसलाच वास येणार नाही अशी हमी देणारा आमच्या इमारतीत एकच होता, म्हणून सगळे त्याला बिनवास म्हणत. त्याने कधी तक्रार केली नाही. माणसाला याहून वाईट नावं पडतात.

अत्तर, साबण, फिनेल यांच्या नुसत्या वासाने ज्यांचं डोकं ठणकतं, घसा आवळतो, अशी माणसं ही त्याची गिऱ्हाइकं. ती फार नसतात, पण एकमेकांना ओळखून असतात. एकाचा विश्वास उडाला की सगळ्यांचा उडाला. म्हणून बिनवास फक्त कढत पाणी आणि धुण्याचा सोडा वापरायचा, यंत्राने ओल ओढून घ्यायचा आणि गालिचा वाळेपर्यंत पंख्याशेजारी बसून राहायचा. घरातही तोच कायदा. बायकोने आधी केसांचं तेल सोडलं, मग पावडर. माहेरून आणलेलं आता नाक तेवढं उरलंय, असं ती म्हणायची.

मुलगी मोठी झाली आणि तिला नोकरी लागली ती एका मोठ्या दुकानात, अत्तरांच्या काउंटरवर. नियतीला विनोद करायचाच होता तर जरा कमी ढोबळ करता आला असता.

बापाने आकांडतांडव केलं नाही. तिने कामावरून आल्यावर शेजारच्या मावशींकडे आंघोळ करायची, कपडे बदलायचे, मगच घरात पाऊल टाकायचं, असं ठरलं. दारात बिनवास तिचं डोकं हुंगायचा आणि "पास" म्हणायचा. ती हसायची.

मग एका निवृत्त शिक्षिकेकडे गालिचा धुऊन तो बसला असताना बाई खोकतच बाहेर आल्या. अत्तराचा वास येतोय, म्हणाल्या. त्याने गुडघे टेकून लोकरीत नाक खुपसलं. काही आलं नाही.

"बाई, भास असेल," तो बोलून गेला.

हे वाक्य आयुष्यभर ऐकून बाईंचे कान किटले होते. याच्या तोंडून ते येणार नाही, म्हणूनच तर त्या याला बोलवायच्या. बाईंना दम लागला. बाल्कनीत नेऊन बसवावं लागलं.

घरी येऊन त्याने मावशींना बोलावलं. त्यांनी ब्रश हुंगले, फडकी हुंगली, शेवटी त्याची कॉलर हुंगली.

"अहो, सगळ्याला तुमच्या लेकीचा वास येतोय."

तिने आंघोळ करूनही तो वास थोडाथोडा घरात शिरला होता, आणि बापाचं नाक त्याला सरावलं होतं. ज्या नाकावर संसार चालला, ते मायेपायी फितूर झालं होतं.

मुलीने मावशींकडून काय ते ऐकलं आणि दुकानातल्या मैत्रिणीच्या खोलीवर राहायला गेली. बाप नोकरी सोड म्हणाला नाही, राहा असंही म्हणाला नाही. बायको तेव्हापासून त्याच्याशी कामापुरतंच बोलते. त्याने सोड्याच्या पाण्याने भिंतीसुद्धा पुसल्या. शिक्षिकाबाईंनी बऱ्याच मिनतवारीनंतर पुन्हा बोलावलं, दारातच त्याच्यासमोर लांब श्वास घेतला आणि आता काही नाही, असं सांगितलं. त्यांच्याकडे याहून मोठं कौतुक नसतं.

मुलगी सुट्टीला येते, पण वर येत नाही. आईला खाली फाटकापाशी भेटते. एकदा तोही उतरला. ती मागे सरकली, वारा कुठून येतोय ते पाहून उभी राहिली. त्याने हात पुढे केला.

"नको बाबा. उद्या काम आहे ना तुम्हाला?"

"आहे," तो म्हणाला, आणि हात खिशात घातला.