चढावरचा ब्रेक

त्या दिवशी मी मोटारीतून उतरलो नाही, ही चूक माझीच. लढाईमुळे पेट्रोल मिळेना, म्हणून जामखेडची मोटार कोळशाच्या गॅसवर चाले आणि चढाला धापा टाकी. तिथे एक बाई खांद्यावर लाकडी ओंडका घेऊन मागच्या चाकालगत चालायची. मोटार मागे घसरू लागली की ओंडका चाकाखाली सारायची. सगळे तिला ‘ब्रेक’च म्हणत. तिचं नाव मीही कधी विचारलं नाही.

ओझं कमी व्हावं म्हणून सगळे उतरले. मी बसून राहिलो.

“उतरा की रावसाहेब, का मोटारीनं बी तुमचा मान राखायचा?” ती म्हणाली.

लोक हसले आणि मी हट्टाला पेटलो. पुढच्याच वळणावर मोटार घसरली. तिने ओंडका सारला, पण तिची बोटं चिरडली. हात पदरात गुंडाळत ती एवढंच म्हणाली, “मोटार थांबली न्हवं?”

त्यानंतर माझं जेवणात, कामात लक्ष लागेना. शेवटी मी पुन्हा त्या चढावर गेलो. ती एका हाताने ओंडका सावरत चालली होती. सगळ्यांसमोर मी म्हणालो, “बाई, मी हट्टाने बसून राहिलो म्हणून तुमची बोटं गेली. मला माफ करा.”