जागेवर धरणारी दर्शना

आमच्या कांजूरमार्गच्या वस्तीत अंबादास तायडे यांची बेंजो पार्टी सर्वांना ठाऊक आहे. हळद असो वा जयंतीची मिरवणूक, टेम्पोवर बेंजो, की-बोर्ड आणि ढोल चढतात, आणि मागच्या कडेला त्यांची मुलगी दर्शना ऑक्टोपॅड घेऊन उभी राहते. ऑक्टोपॅड म्हणजे विजेवर चालणारी, चौकोनांची पाटी. प्रत्येक चौकोनावर काठी मारली की वेगळा आवाज निघतो. दर्शना सत्तावीस वर्षांची आहे. दिवसा ती घाटकोपरच्या एका प्रयोगशाळेसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करते. मी तिची शेजारीण आहे आणि तिला लहानपणापासून ओळखते. अक्षरे मला उशिरा आली, परंतु आली आहेत, तर तिच्याविषयी लिहिणे मला योग्य वाटते.

मिरवणुकीतील एक रीत आधी सांगितली पाहिजे. गर्दीत कोणी पडले तर वाजवणे एकदम बंद करायचे नाही. बंद केले की काय झाले ते पाहण्यासाठी मागचे लोक पुढे रेटतात आणि पडलेला तुडवला जातो. पुढेही सरकायचे नाही. तोच ठेका लहान करून वाजवत राहायचा. लोक जागच्या जागी नाचतात, पडलेल्याला उचलले जाते, मग अंबादास शिट्टी मारतात आणि मिरवणूक पुढे निघते. याला ते ‘जागेवर धरणे’ म्हणतात. दर्शनाच्या हातांना ही सवय शाळेत असल्यापासून आहे.

गेल्या वर्षी दर्शना मुलुंडच्या एका बँडमध्ये वाजवू लागली. त्यांच्या संगीताला प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणतात. त्यात गिटारचा आवाज मुद्दाम जड आणि फाटलेला ठेवतात, गाणी लांबलचक असतात, आणि एकाच गाण्यात ताल सात मात्रांतून पाचात व पाचातून पुन्हा सातात जातो. देवव्रत गिटार वाजवतो आणि गातो. सर्वेश ड्रम वाजवतो. या संगीतात इलेक्ट्रॉनिक आवाज मिसळावेत, ही देवव्रतची इच्छा होती, आणि ते आवाज दर्शनाने तयार केले. आमच्या चाळीतील पाण्याच्या मोटरची घरघर तिने मोबाइलवर टिपली आणि कॉम्प्युटरवर इतकी खाली उतरवली की ती कानात न वाजता छातीत वाजू लागली. प्रयोगशाळेतील यंत्राची टुकटुक तिने गिटारच्या दोन फटकाऱ्यांमधील मोकळ्या जागेत बसवली.

मात्र हे सर्व आवाज लॅपटॉपमध्ये आधीच क्रमाने लावलेले असत. लॅपटॉप सर्वांच्या इअरफोनमध्ये तालाची टिकटिक देत असे, आणि माणसांनी त्या टिकटिकीमागे धावायचे असे. दर्शनाच्या वाट्याला पॅडवरचे थोडेसे ठोके उरत.

मार्चमधील एका तालमीत देवव्रतचा पाय वायरीत अडकला आणि तो गुडघ्यावर आपटला. दर्शनाच्या हातांनी लगेच जागेवर धरले. लॅपटॉप पुढे निघून गेला. गाणे एकीकडे, मोटरची घरघर दुसरीकडे, असे झाले. सर्वेशने काठ्या खाली टाकल्या.

“काय करतेस यार? टिकटिक ऐकू येत नाही का तुला?”

“तो पडला ना.”

“पडला तर उठेल! लॅपटॉप थांबला का? ही काय हळद आहे तुमच्याकडची?”

“हळदीत निदान पडलेला माणूस दिसतो. तुला बाजूचा पण दिसत नाही.”

“मी डोळे मिटून वाजवतो.”

“तेच सांगतेय रे.”

देवव्रत गुडघा चोळत हसला. सर्वेश हसला नाही. “आवाज सगळे लॅपटॉपमध्ये आहेतच. मग हिची गरज काय?” असे तो तिच्यासमोरच बोलला. आपला ठरलेला अंधेरीचा कार्यक्रम होऊ दे, मग दर्शनाचे ठरवू, असे सांगून देवव्रतने विषय बंद केला.

त्या संध्याकाळी दर्शना माझ्या ओट्यावर येऊन बसली. आवाज तिने घडवले होते, आणि ते आता तिच्याशिवाय वाजतील, याचे तिला फार वाईट वाटत होते. अंबादास तेथेच चहा पीत होते.

“असं कर,” ते म्हणाले, “लॅपटॉपला टेम्पोवर चढवतो. तू खाली नाच.”

“पप्पा, मस्करी नको. ऑक्टोपॅड पण मशीनच आहे ना? मग ते का नाही पळत पुढे?”

“मारल्याशिवाय बोलतंय का ते?”

दर्शना आपला चहा तसाच सोडून घरात गेली.

तिने कार्यक्रमातील शेवटच्या गाण्याचे सर्व आवाज क्रमातून सोडवले आणि पॅडच्या चौकोनांवर एकेक करून बसवले. आता मोटर दर्शनाने काठी मारली तरच घरघरणार होती. हात पुरेनात, तेव्हा तिने पायाखाली एक पेडलही घेतले. सर्वेशने मोठ्या मुश्किलीने होकार दिला. “त्या एका गाण्यापुरतं. तिथे वाट लागली तरी लोक घरीच निघालेले असतात.”

अंधेरीच्या कार्यक्रमाला अंबादास व मी गेलो होतो आणि मागे खुर्च्यांवर बसलो होतो. मी कानात कापूस घातला होता. मंचासमोर तरुण मुले-मुली गोल फिरत एकमेकांना धक्के मारू लागली, तेव्हा मी घाबरले.

“भांडण नाही, द्रौपदीबाई,” अंबादास म्हणाले. “नाचतायत. आपल्या पोरांपेक्षा वाईट नाचतायत.”

शेवटचे गाणे अर्ध्यावर आले असता त्या गोलात एक मुलगी पडली. सर्वेशचे डोळे मिटलेले होते. दर्शनाने मुलीला पाहिले, आणि जागेवर धरले. मोटरची घरघर हळू झाली, सात मात्रांचा ठेका लहान होऊन तेथेच फिरू लागला. देवव्रतने तिच्याकडे पाहून गिटारवरचा हात उचलला. सर्वेशने डोळे उघडले. या गाण्यात त्याच्या कानात टिकटिक नव्हती, त्यामुळे त्याला दर्शनाकडेच पाहावे लागले. त्याने हात हलका केला. गोल जागच्या जागी थांबून डुलू लागला. दोघांनी मुलीला उठवले. तिने आपला चष्मा शोधला आणि सर्वांना दिसेल असा हात वर केला.

तेव्हा अंबादास यांना राहवले नाही. त्यांनी शिट्टी मारली.

दर्शना सवयीने शिट्टीबरोबर पुढे निघाली, परंतु शिट्टी सात मात्रांत बसलेली नव्हती. ती एक मात्रा आधी आली. सर्वेशने ती मात्रा सोडून दिली आणि तिच्या पावलाला पाऊल लावले. गिटार, ड्रम आणि आमच्या चाळीची मोटर एकाच वेळी उसळली. ती घरघर माझ्या खुर्चीतून माझ्या हाडांपर्यंत आली.

नंतर मंचामागे सर्वेश घाम पुसत उभा होता.

“एक मात्रा खाल्लीस.”

“पप्पांनी शिट्टी मारली.”

“काका, तुम्ही बँडमध्ये आहात का?”

“बोलावलंस तर विचार करीन,” अंबादास म्हणाले.

देवव्रत वायर गुंडाळत होता. दर्शनाचे ठरवायचे होते, म्हणून तो सर्वेशकडे पाहत होता. सर्वेशने दर्शनाच्या पॅडचा स्टँड स्वतः उचलला. “बाकीची गाणी पॅडवर घ्यायला किती वेळ लागेल?”

“महिना तरी.”

“मग रविवारी लवकर ये. तुझी जोडाजोडी फार वेळ खाते.”

रविवारी ती लवकर गेली. परत आल्यावर तिने मला सांगितले की सर्वेश तिच्याही आधी आला होता. नेहमी भिंतीकडे तोंड करून मांडलेले ड्रम त्याने फिरवले होते, आणि आता ते तिच्या पॅडच्या समोर आहेत.