झोपलेल्या लेकीला उठवताना

आमची मुलगी रडत नसे. लालबागच्या चाळीतल्या आमच्या खोलीत तिला आणली तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, असं शहाणं बाळ नशिबानं मिळतं. मला अभिमान वाटला. शिट्टीनं तिची झोप मोडू नये म्हणून मी कुकर सोडून भात पातेल्यात शिजवू लागलो.

दहाव्या दिवशी परळच्या दवाखान्यात तिचं वजन केलं. ते जन्मावेळच्या वजनापेक्षा बरंच कमी भरलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "शहाणी कसली, भुकेली आहे. रडायलाही ताकद नाही तिला." दर दोन तासांनी उठवून पाजायचं, आणि चार दिवसांत वजन वाढलं नाही तर दाखल करायचं, असं ठरलं. बायकोचे टाके अजून दुखत होते. पाजणं तिचं, म्हणून उठवणं मी माझ्याकडे घेतलं.

झबलं काढायचं, तळपाय चोळायचे, ओल्या फडक्यानं गाल पुसायचे. ती चार घोट घेऊन पुन्हा डोळे मिटे. पुन्हा तळपाय. घरातला मी पहिला पदवीधर. नेटानं केलं की सगळं जमतं, असं मला वाटायचं. इथे माझंच डोकं तिच्या अंगावर कलंडे. नव्या बापांना एक सांगतो, बसून उठवू नका, उभं राहून उठवा.

गावाहून मदतीला आलेल्या आईला हे बघवेना. ती म्हणाली, "झोपलेल्या लेकराला कुणी उठवतं का रे? एवढं शिकलास ते याच्यासाठी?" मी तळपाय चोळत राहिलो. तिनंच राबून मला शिकवलं होतं.

तिसऱ्या दुपारी तळपाय चोळता चोळता मला डुलकी लागली. जाग आली तेव्हा मुलगी माझ्या आईच्या मांडीवर होती.

"तुझे हात गार आहेत," ती म्हणाली आणि स्वतःच ते तळपाय चोळू लागली. पुढच्या दोन वेळा तिनंच उठवलं.

चौथ्या दिवशी दवाखान्यात निघायच्या आधी मुलगी आपली आपण उठली आणि तिनं भोकाड पसरलं. काकू दारातून म्हणाल्या, "काय रे, बिघडवलीस ना चांगली पोर?"

वजन वाढलं होतं. दाखल करायची गरज नव्हती. डॉक्टरबाई पुढचं काहीतरी सांगत होत्या. ते बायकोनं ऐकलं. मी भिंतीला टेकून उभ्या उभ्या झोपलो होतो.