एकोणतीस दिवसांची टायपिस्ट

ऐंशीच्या दशकात मी कायद्यात पीएच.डी. करत होते. माझा प्रश्न साधा होता. कायदा चांगला असेल, पण तो राबवायला सरकारकडे माणसं आहेत का? त्यासाठी मुलुंडच्या एका सरकारी कार्यालयात मी रोज जाऊन बसायचे. मंजूर पदं नऊ, माणसं चार. उरलेल्या खुर्च्यांवर फायली.

त्या चौघांत एक टायपिस्ट होती. चाळिशीची, मूळची मालवणकडची. सात वर्षं तिथेच, पण कागदोपत्री दर महिन्याला नवी. एकोणतीस दिवसांची नेमणूक, मग एक दिवस घरी, की पुन्हा नवा आदेश. सलग नोकरी दिसली तर कायम करावं लागेल, म्हणून ही युक्ती. दाखले, उतारे, नोटिसा, सगळं तिच्याच हातून बाहेर पडे. ती आजारी पडली की खिडकी बंद.

मला तर घबाडच मिळालं. तिचं नाव गाळून मी प्रकरण लिहिलं आणि परवानगी घेताना ठरल्याप्रमाणे मसुदा वरिष्ठ कार्यालयाला दाखवला. महिन्याभरात तिकडून पत्र आलं. मला नाही, मुलुंडला. अनियमित नेमणूक तात्काळ बंद करावी.

हेडक्लार्कनी ते माझ्यापुढे सरकवलं. "घ्या मॅडम. आता माणसं तीन. प्रबंधात दुरुस्ती करा."

पुढचे चार दिवस मी घरात नुसती येरझारा घालत होते. पार्ल्याच्या आमच्या दोन खोल्यांत तेवढी जागाही नव्हती. जेवायला बसले की उठायचे, वही उघडली की मिटायचे. "अगं, बस ना जरा एका जागी," आई वैतागून म्हणाली. पाचव्या दिवशी पत्ता काढून मी घाटकोपरला टायपिस्टच्या घरी गेले.

दारातच माफी मागायला लागले, तर तिनं मध्येच तोडलं.

"तुम्ही खोटं लिहिलंत?"

"नाही."

"मग रडताय कशाला? सात वर्षांचे सगळे आदेश ठेवलेत मी. वाचा आणि सांगा, भांडता येईल का."

येत होतं. माझ्या वर्गातल्या एका वकील मैत्रिणीनं केस घेतली. माझ्या नोंदी पुरावा म्हणून द्यायच्या ठरल्या, तेव्हा माझे मार्गदर्शक चिडले. "संशोधकानं बाजू घ्यायची नसते. तुझ्या कामाची वाट लागेल."

मी प्रतिज्ञापत्रावर सही केली. त्यानंतर वर्षभर प्रबंधाचं एक पानही धड लिहून झालं नाही. हरलो तर तिची नोकरी गेली ती माझ्यामुळेच, हे डोक्यातून जात नसे.

निकाल तिच्या बाजूनं लागला. तिला कायम केलं, पण अंधेरीच्या कार्यालयात. ती पेढे घेऊन आमच्याकडे आली. आईशी भरपूर बोलली, हसली. निघताना चपला घालता घालता मला म्हणाली, "मुलुंडला माझ्या जागी कुणी आलंच नाही. लोक येतात नि परत जातात. त्याचं काय करायचं ओ?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही घेऊन मुलुंडला गेले. खिडकी बंदच होती आणि समोर सात-आठ माणसं उभी होती. मी त्यांना एकेकाला विचारायला सुरुवात केली, किती खेपा झाल्या.